तिसऱ्या मजल्यावरचा पाकट

‘बी विंगमधील एक सभासद घरात शार्क पाळणार असल्याचे समजते. सर्वांनी नोंद घ्यावी.’ परवा सोसायटीच्या फलकावर ही सूचना लागली. वर थकीत मेंटेनन्सवाल्यांची यादी, खाली कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीचा शोध. ‘एक सभासद’ असं लिहून माझं नाव झाकलं होतं आणि पुढे कंसात ३०२ लिहून उघडंही केलं होतं.

शार्क नाही हो, पाकट. म्हणजे स्टिंगरे, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा. तोही गोड्या पाण्यातला, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. (पाकट शार्कच्याच गोतावळ्यातला, दोघांनाही हाडं नसतात, नुसती कूर्चा असते, हे मी सोसायटीत अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

पाकटाचं खूळ कसं शिरलं ते सांगत बसत नाही. कुर्ल्याला माशांच्या दुकानात गेलो होतो, तिथे बशीएवढं पिल्लू वाळूतून दोन डोळे वर काढून माझ्याकडे बघत होतं, एवढं पुरे. ते पिल्लू वाढून दीड-दोन फुटांचं होणार. त्याला पोहायला उंची नको, फरशी हवी. टाकी किती खोल यापेक्षा किती रुंद हे महत्त्वाचं, कारण या प्राण्याला वळायचं असतं तेव्हा तो आख्खा वळतो. म्हणून ८ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच. १२ मिलिमीटर काच. खाली बारीक वाळू, धारदार दगड एकही नाही. हीटरला जाळीचं कव्हर, कारण पाकट त्याच्यावर जाऊन निवांत पसरतो आणि पोट भाजून घेतो. शेजारी फिल्टरची वेगळी टाकी. वीज गेली तर हवेच्या पंपाला इन्व्हर्टर. मासा आणण्याआधी महिना-दीड महिना टाकी नुसतीच चालवायची, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरात वस्तीला येतात. म्हणजे एवढा खर्च करून पहिले कित्येक आठवडे पाहुण्यांना दाखवायला फक्त पाणी. हे सगळं मी वहीत आकृत्या काढून लिहिलं आणि शहाण्या माणसासारखी समितीकडे परवानगी मागितली. अर्ज संध्याकाळी दिला. रात्री आठ वाजता २०२ चे काका दारात हजर. हातात मोजपट्टी.

काका मूळचे मालवणकडचे, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. चपला बाहेर काढल्या, पण ‘बसा’ म्हटलं तर बसले नाहीत.

“टाकी कुठे?”

मी भिंत दाखवली. काकांनी मोजपट्टी लावली, पुटपुटत काही आकडे मांडले आणि खिशातून खडू काढला. निवृत्त माणसाच्या खिशात खडू का असतो हे मी विचारलं नाही. त्यांनी माझ्या हॉलच्या टाइल्सवर एक चौकोन आखला.

“हा काय?”

“माझा पलंग.”

“काका, तुमचा पलंग खाली आहे.”

“खालीच आहे. म्हणून तर वर आखतोय.”

आणि मग काका त्या चौकोनात चक्क आडवे झाले. पाय खिडकीकडे, डोकं टाकीच्या भिंतीकडे, हात छातीवर, डोळे मिटलेले. “आता मी झोपलोय,” त्यांनी जाहीर केलं. “रात्रीचे दोन वाजलेत. आता तू सांग, टाकी कुठे आहे?”

“तुमच्या... डोक्याच्या जरा वर.”

“जरा वर! वजन किती?”

मी प्रामाणिकपणे सांगितलं. ६४ घनफूट म्हणजे साधारण १,८०० लिटर, लिटरला एक किलो, वर काचेचे दोनशे. स्टँड सोडून दोन टन.

काकांनी डोळे न उघडता भागाकार केला. “पासष्ट किलोचा एक माणूस धरला तर एकतीस माणसं. माझ्या डोक्यावर एकतीस माणसं रात्रभर उभी. बसत नाहीत, झोपत नाहीत, घरी जात नाहीत.”

एवढ्यात बायको चहा घेऊन आली. काकांना ओलांडून तिने कप टेबलावर ठेवला आणि विचारलं, “साखर चालते ना?” त्यांनी पडल्या पडल्या मान हलवली. पाठोपाठ वॉचमन पार्सल द्यायला आला. दार उघडंच होतं. खडूच्या चौकोनात हात छातीवर ठेवून पडलेले काका बघितले आणि पार्सल तिथेच टाकून पळाला. दहा मिनिटांत सेक्रेटरींचा फोन: “२०२ चं काय झालं म्हणतायत? केव्हा?” मी फोन काकांच्या कानाला लावला. काका म्हणाले, “अजून नाही. पण टाकी आली की होईल.”

संताप याचा येतो की त्यांचं गणित बरोबर होतं. घराचा स्लॅब धरतात तो चौरस मीटरला दोनशे किलोच्या हिशेबाने. माझी टाकी एका चौरस मीटरला सहाशे किलोवर भरते. तरीही मी एक मुद्दा काढलाच. म्हटलं, “काका, मागच्या संक्रांतीला चारशे दोनमध्ये हळदीकुंकू होतं. याच हॉलएवढ्या हॉलमध्ये चाळीस बायका. तेव्हा कुणी खडू काढला नाही. पाचशे एकमध्ये जुन्या लादीवर नवा ग्रॅनाइट टाकलाय. सहाव्या मजल्यावर मकराण्याच्या संगमरवराचा देव्हारा आलाय, तो लिफ्टमध्ये मावला नाही म्हणून आठ माणसांनी जिन्यावरून चढवला. त्याला एनओसी लागली नाही. माझ्या माशालाच का?”

काका उठून बसले. “त्या बायका वाण घेऊन घरी गेल्या. तुझा मासा जाईल?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काँक्रीट कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं, हे मीच त्याच दुपारी वाचलं होतं. पण देव्हारासुद्धा घरी जात नाही, हे मला त्या वेळी सुचलं नाही, रात्री दात घासताना सुचलं. तोवर काका खाली जाऊन आपल्या खऱ्या पलंगावर झोपले होते.

जायच्या आधी मात्र त्यांनी चहा पीत माशाची चौकशी केली. पाकट म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. सुक्या पाकटाचं कालवण, त्यात त्रिफळं, वर तांदळाची भाकरी. अर्धा तास मला आणि टाकीला दोघांनाही विसरले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, “मासो खाऊचो नाय, तर पाळूचो कित्याक?” मी म्हटलं, बघायला. “बघूक?” त्यांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं तसं माझ्या सासऱ्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. लहानपणी त्यांच्या वाडीतल्या एकाच्या पायात पाकटाचा काटा घुसला होता, तेव्हा पाय सोसेल तितक्या कढत पाण्यात तासभर बुडवून ठेवला होता म्हणे. हेही बरोबर. ते विष उष्णतेने निकामी होतं, डॉक्टरही आधी तेच करायला सांगतात. काकांचं काहीतरी एकदा तरी चुकावं अशी मला फार इच्छा होती.

ती पुरी झाली दाराशी. चपला घालताना म्हणाले, “फारच मोठा झाला तर खाडीत सोड. आपल्याला घोडबंदरची खाडी आहेच.” अहो, हाच तर मुद्दा! या पाकटांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रातून ॲमेझॉनकडे आले आणि तिथेच स्थायिक झाले. समुद्रातले पाकट अंगात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी जमवून घेतात. यांनी ती सोय कधीच गमावली. खाडीत टाकला तर मरेल बिचारा. आणि परदेशी मासा आपल्या पाण्यात सोडायचा तरी कसा? मी हे उत्साहाने सांगितलं. काका म्हणाले, “म्हणजे गावाक परत जाऊ शकत नाय. मुंबैकरच तो,” आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर सगळे सुटले. टीव्हीवर मगरी पकडून दाखवणाऱ्या आणि २००६ मध्ये पाकटाच्या काट्याने गेलेल्या स्टीव्ह आयर्विनचा फोटो तिघांनी टाकला, खाली हात जोडलेले. तो मासा समुद्रातला होता, हे मी लिहिलं, त्यावर अंगठासुद्धा आला नाही. एका वकीलसाहेबांनी कायदा काढला. ब्राझीलच्या झिंगू नदीतला पांढऱ्या ठिपक्यांचा काळा पाकट २०२२ मध्ये ‘साइटिस’च्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात गेला आहे, आणि असे विदेशी प्राणी बाळगायचे तर केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. मला ते माहीत होतं, मी कागदपत्रं असलेलाच मासा घेणार होतो. केंद्र सरकारची नोंदणी मिळेल हो. सोसायटीची मिळत नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते पाण्यावरून. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे सहाशे लिटर. घोडबंदरला उन्हाळ्यात टँकर येतात, तेव्हा हा आक्षेप मला मान्य आहे. काढलेलं पाणी मी बागेला देणार होतो, अर्जात तसं लिहिलंही होतं. पण हा आक्षेप घेतला कुणी? खजिनदारांनी. जे रोज सकाळी पाइप लावून गाडी धुतात, पाइप जमिनीवर वाहता ठेवतात आणि शेजाऱ्याशी क्रिकेटवर बोलतात. दर रविवारी तर दोन्ही गाड्या. या इमारतीत पाणी वाया घालवायला काही हरकत नाही, फक्त ते कुणाला दिसेल अशा काचेत भरून ठेवायचं नाही.

आरसीसी कन्सल्टंटला मी स्वतःच्या पैशाने बोलावलं. त्याने तुळई कुठून जाते ते दाखवलं, उंची दीड फुटावर आणा म्हणाला, आणि शेवटी खांदे उडवून, “तळमजला असता तर प्रश्नच नव्हता,” असं सांगून फी घेऊन गेला.

म्हणून मी समितीला दुसरा अर्ज दिला: स्टिल्टमध्ये जिन्यामागे कायम रिकामा असलेला पार्किंगचा कोपरा भाड्याने द्या, टाकी तिथे ठेवतो, मुलांनाही बघता येईल. सभेत त्यावर पाऊण तास चर्चा झाली म्हणे. टाकीला दुचाकीचा दर लावायचा की चारचाकीचा? चाकं नाहीत, पण लांबी आठ फूट. एकाचं म्हणणं, मासा जिवंत आहे तर ते पार्किंग होत नाही, वास्तव्य होतं, मग भाडेकरू ठेवल्यावर लावतात ते बिगरभोगवटा शुल्क लावा. २०२ चे काका एकटे माझ्या बाजूने बोलले, कारण टाकी त्यांच्या डोक्यावरून खाली येत होती. निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे.

कालपासून त्या कोपऱ्यात खजिनदारांच्या मेव्हण्याची गाडी उभी आहे.