कूर्चा भरून येत नाही

गुडघ्यात 'वंगणाचं इंजेक्शन' घेतलं की झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) पुन्हा भरते, असं गुडघेदुखीवरच्या एका लेखात म्हटलंय. ते चूक आहे. या इंजेक्शनातल्या हायल्युरोनिक ॲसिडने दुखणं काही महिने कमी होऊ शकतं, तेही सगळ्यांचं नाही. अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये ते सरसकट देऊ नये असंच म्हटलंय. एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं असेल, तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

डोस प्रॉडक्टनुसार बदलतो: काहींचे 2 मिलीचे तीन ते पाच डोस आठवड्याच्या अंतराने, काहींचा 6 मिलीचा एकच. गुडघ्यात पाणी साचलं असेल तर आधी ते काढायचं, नाहीतर औषध पातळ होतं. सुई बहुधा वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कडेने घालतात. ती सांध्याबाहेर राहिली तर नुसती सूज येते. नंतर 48 तास जड काम, उकिडवं बसणं बंद.

गुण यायला चारेक आठवडे लागतात. म्हणून खानापूरकडे भातलावणीच्या तोंडावर जूनमध्ये घेण्यात अर्थ नाही, एप्रिलमध्येच विचारा. (चिखलात वाकून दिवसभर रोप लावायचं तर कुठलंही इंजेक्शन अपुरंच!) लगेच आराम हवा तर स्टेरॉइड, पण त्याने मधुमेहींची साखर काही दिवस चढते.

एक-दोन दिवसांत गुडघा टम्म फुगला तर ती औषधाची रिॲक्शन असू शकते. पण सोबत ताप असेल किंवा पाय टेकवत नसेल तर शेक देत बसू नका, त्याच दिवशी पाणी काढून तपासून घ्या. जंतुसंसर्ग सांधा झपाट्याने खातो.