सागवानी चौकटी आणि पांढऱ्या भिंती : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की नागपुरात घर थंड ठेवायचं तर भिंती पांढऱ्याशुभ्रच हव्यात; मी मागच्या लेखात गडद सागवानी चौकटींशेजारी दुधावरच्या साईचा किंवा फिका शेवाळी रंग सुचवला, ती नुसती हौस. वर, माजघरात शेवाळी नकोच आणि चौकटीही पांढऱ्या करून टाका म्हणता.

आधी थंडाव्याचं. ऊन खाते ती गच्ची आणि पश्चिमेची बाहेरची भिंत. तिथे पांढरं द्याच, गच्चीवर चुना मारा. आत उष्णता येते ती स्लॅबमधून, विटांमधून. आतला रंग तिला काय अडवणार?

आता मे महिना आठवा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एका खिडकीत कूलर, आणि भरदुपारी आपण ट्यूबलाइट लावून बसलेलो. भिंत आपल्याला दिसते ती त्या निळसर उजेडात. त्यात शुभ्र पांढरा दवाखान्यासारखा वाटतो आणि सागवानाची तांबूस झाक मरून लाकूड काळं दिसतं. नागपुरातल्या महाल भागात, आमच्या घरी मी हेच करून बसले होते. आई दारातच थबकली, "काहून वं, भिंतीवर निधनवार्ता छापली का?"

शुभ्र पांढरा साधारण ८५ टक्के उजेड परत फेकतो, साईचा रंग ७५च्या आसपास. तेवढ्याने खोली अंधारत नाही, पण चौकटीची कड डोळ्यांना बोचायची थांबते. शेवाळीचं कारण वेगळं: तांबूस लाकडाशेजारी हिरवट भिंत आली की सागाचे रेषे खुलतात.

माजघराबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के खरं. खिडकी नसलेल्या खोलीत शेवाळी देऊ नये. मी सरसकट लिहून गेले, चूक माझी. तिथे साईचाच द्या, आणि ३००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळसर दिवा लावा.

पण चौकटींवर पांढरा ऑइलपेंट? गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागावर? बाप्पा! एकदा तो लाकडाच्या रंध्रांत बसला की मग खरवडत बसा. आमच्या घरी तरी हे होणे नाही.

शेडकार्डावरून ठरवू नका. प्लायच्या तुकड्यावर रंगाचे दोन हात मारा, चौकटीला टेकवून ठेवा. सकाळी, दुपारी पडदे ओढून आणि रात्री बघा. माझे दोन तुकडे अजून माळ्यावर पडून आहेत. महालाकडे आलात तर घेऊन जा.