दिवा लागत नाहीये तुमचा

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे लोक बरे व्हायला जातात. मी आज तिथून घसा आणखी बसवून आलोय आणि याला सर्वस्वी माझा वायरलेस हेडफोन जबाबदार आहे. बोलता येत नाहीये म्हणून टाइप करतोय, नाहीतर घरातल्या एकेकाला धरून सांगितलं असतं.

डॉक्टरांनी आवाजाला सक्तीची विश्रांती दिलीय. बोलायचं नाही म्हणजे नाही, कुजबुजायचं पण नाही, कारण कुजबुजताना म्हणे स्वरयंत्रावर उलट जास्त ताण येऊ शकतो. आता वेटिंगमध्ये गप्प बसलेला माणूस दिसला की शेजारच्याला हटकून बोलावंसं वाटतं, म्हणून मी हेडफोन घेऊनच गेलो. रात्रभर चार्जिंगला लावलेला. खुर्चीत बसलो, बटण दाबलं, काही नाही. दाबून धरलं, काही नाही. ना दिवा, ना ती 'पॉवर ऑन' म्हणणारी बाई.

या बटणाबद्दल मला एकदा बोलायचंच होतं. आवाज कमी-जास्त करायचं सोडलं तर अख्ख्या यंत्राला एकच बटण, आणि सगळी कामं त्याच्या गळ्यात मारलीत. एकदा दाबलं की गाणं थांबणार, दोनदा दाबलं की पुढचं, तीनदा दाबलं की मागचं, दोन-तीन सेकंद धरलं की चालू, सात सेकंद धरलं की पेअरिंग, आणि आवाजाच्या बटणाबरोबर धरून बसलात तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे तो तुम्हाला ओळखायचाच बंद होणार. सेकंद मोजायचे कोणी? आपणच, मनातल्या मनात. वैतागलेला माणूस भरभर मोजतो हे कंपनीला कोणी सांगितलेलं दिसत नाही. आणि दाबलेलं पोचलं की नाही हे कळायला काय, तर टाचणीच्या टोकाएवढा एक दिवा. माहितीपुस्तिकेत त्या दिव्याचं मोठं कोष्टक आहे, लाल लुकलुकला तर काय, पांढरा सलग लागला तर काय, निळा-लाल आळीपाळीने लागला तर काय. लागलाच नाही तर काय, या रकान्यात दोनच शब्द आहेत: 'चार्ज करा'. केलाय हो!

पण म्हटलं जाऊ दे, बंद तर बंद. खरं सांगायचं तर अशा ठिकाणी हेडफोनचं निम्मं काम तो बंद असतानाही होतं. गाणं लागलं काय, न लागलं काय, समोरच्याला कळतं की इथे बोलायचं नाही. मी तो तसाच कानावर चढवला, डोळे मिटले आणि गाणं ऐकत असल्यासारखी थोडी मान पण डोलावली.

शेजारी एक काका येऊन बसले. मांडीवर रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. डोळे किलकिले करून बघितलं तर काका माझ्या हेडफोनचं निरीक्षण करत होते. आधी समोरून, मग बाजूने, मग जरा खाली वाकून. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर दोन बोटांनी टकटक केलं.

"दिवा लागत नाहीये तुमचा."

मी हसून मान हलवली. म्हणजे हो, असू दे.

"म्हणजे बंद आहे तो."

परत मान.

"मग घातलाय कशाला?"

याला मान हलवून उत्तर देता येत नाही. मी घशाकडे बोट केलं, मग तोंडावर बोट ठेवलं, मग हाताने नको-नको केलं.

"घसा? अहो, घशासाठी कानाला लावून काय होणार?"

समोरच्या बाकावरच्या दोघी हसल्या. मी शेवटी कुजबुजलो, "बोलायची मनाई आहे."

"कोणाची बाई आहे?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. काकांच्या कानामागे श्रवणयंत्र होतं आणि त्याचं सेलचं छोटं दार उघडं होतं. म्हणजे यंत्र बंद. मी बोटाने दाखवलं तर काका खूश झाले. "मीच बंद ठेवलंय! इथे वेटिंगमध्ये ऐकण्यासारखं असतं काय? उगाच सेल जातो." बघा म्हणजे. आम्ही दोघंही लोकांचं ऐकू येऊ नये अशी व्यवस्था करून तिथे बसलो होतो, फक्त त्यांची चालत होती.

मग काकांनी विषय हातात घेतला. आणि माझा हेडफोनही, म्हणजे डोक्यावरून सरळ उचललाच. "हे बघा, या यंत्राचा सेल असतो ना, एवढासा, बटणाएवढा, त्याच्या पाठीला स्टिकर असतो. स्टिकर काढला की लगेच आत घालायचा नाही. दोन मिनिटं बाहेर ठेवायचा. हवा लागली की तो जागा होतो, मग घालायचा. माझा मुलगा घाई करतो आणि मग म्हणतो सेल खराब निघाला. तुमचं तेच झालंय. हवा लागली नाहीये याला."

आता काका त्यांच्या सेलबद्दल शंभर टक्के बरोबर आहेत. श्रवणयंत्रात बहुतेक वेळा झिंक-एअर सेल असतो, तो हवेतला ऑक्सिजन वापरूनच वीज तयार करतो, आणि स्टिकर काढून जरा थांबलं तर नीट चालतो. इतकं साधं, खुलं खातं. माझ्या हेडफोनात मात्र लिथियम-आयन बॅटरी, चारही बाजूंनी बंद, तिला खरोखर आतून हवा लागली असती तर आख्खं वेटिंग रिकामं करावं लागलं असतं. पण हे सगळं मनाई असलेल्या माणसाने, सेल वाचवणाऱ्या माणसाला, सांगायचं कसं? तोवर काकांनी हेडफोन रिपोर्टच्या पिशवीने वारा घालायला घेतला होता आणि दुसऱ्या हाताने कानाची गादी उचकटत होते.

"काका, सेल निघत नाही त्याचा!" मी, आता कुजबुज सोडून.

"निघत नाही ना? मग निघू नका, तुमचा नंबर यायचाय अजून."

"तसं नाही, चार्जिंगचा आहे तो!"

"शेजारचा आहे? अरे मग त्याला विचारा की कसा लावायचा."

"चार्जिंग! चार्ज! वायर लावून!" हे मी ओरडलो. बसलेल्या घशाने ओरडल्यावर जो आवाज निघतो तो माणसाचा नसतो. समोरच्या बाकावरचं लहान मूल आईला चिकटलं.

आणि रिसेप्शनच्या मॅडम उठल्या. काकांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, आत ऑडिओमेट्री चालू आहे. पेशंटला बारीक आवाज ऐकायचे असतात. प्लीज हळू बोला."

ज्याला बोलायची बंदी आहे, ज्याने बोलावं लागू नये म्हणून बंद हेडफोन डोक्यावर घेतला, त्याला हळू बोला. आत तो पेशंट काचेच्या खोलीत बसलेला, त्याच्याही कानाला हेडफोन, त्याच्याही हातात एकच बटण, पण ते कधी दाबायचं हे त्याला नीट समजावून सांगितलेलं असतं. टुक ऐकू आलं की दाबा. बास. त्याचा तो हेडफोन, मला सांगायला वाईट वाटतं, वायरचा असतो आणि रोज चालतो.

काका म्हणाले, "बघा, त्या पण तेच म्हणतायत." त्यांना काय ऐकू आलं देव जाणे. मग त्यांचं नाव पुकारलं, ते अर्थातच त्यांना ऐकू आलं नाही, आणि ते सांगायचं काम शेजारी म्हणून माझ्यावर आलं. मी सांगितलं. मॅडमनी परत बघितलं. पुढे डॉक्टरांनी घशात टॉर्च मारला आणि नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये जे काही होतं ते मी घरी घेऊन आलो.

घरी आल्यावर कंपनीला लिहिलं की हेडफोन चालू होत नाही. लगेच उत्तर, फार नम्र. 'कृपया आमच्या ॲपमध्ये हेडफोन जोडून फर्मवेअर अपडेट करा. तरीही अडचण राहिल्यास हेडफोन बंद करून पुन्हा चालू करा.' फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातलं सॉफ्टवेअर, आणि यातलं प्रत्येक वाक्य करायला हेडफोन आधी चालू असावा लागतो! बंद करायचा तर तो मला न विचारता झालेलाच आहे, ती पायरी पूर्ण समजा. मी परत लिहिलं, त्यावर परत तेच उत्तर, फक्त वर 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' वाढवलेलं. नाही समजू शकत. समजली असती तर आधी हा निरोप वाचला असता.

आणि दोष निघाला कुठे? वायरीत. म्हणजे माझ्या वायरीतही नाही. माझ्याकडे हल्लीचा चार्जर आहे, दोन्ही टोकांना टाइप-सी, त्याच्यावर फोन भरतो, लॅपटॉप भरतो, सगळं भरतो. हेडफोनला भोक टाइप-सीचंच, वायर आत जाऊन कट्कन बसते. पण दोन्हीकडून सी असलं की चार्जर आंधळेपणाने वीज सोडत नाही, समोर खरंच कोणी आहे का ते आधी बघतो, आणि ते त्याला कळतं समोरच्या यंत्रातल्या ५.१ किलोओमच्या दोन चिमुकल्या रेझिस्टरांवरून. किमतीला नगण्य. तेच काही कंपन्या गाळतात. मग चार्जरला वाटतं समोर कोणी नाही, आणि तो रात्रभर स्वस्थ बसतो. जुन्या चपट्या, रुंद तोंडाच्या यूएसबीला असल्या चौकशा नसतात, तिथे ५ व्होल्ट कायम हजर, म्हणून तिच्यावर हेच डबडं मुकाट भरतं. कंपनीला हे माहीत असतं बरं का, म्हणून तर खोक्यात तसल्या चपट्या तोंडाची वीतभर वायर टाकतात आणि कुठेतरी मुंगीच्या अक्षरात 'सोबतचीच केबल वापरावी' छापतात. युरोपात तर डिसेंबर २०२४पासून फोन, हेडफोन वगैरे सगळ्यांना टाइप-सी सक्तीचं केलंय, ते वाचून मला केवढा आनंद झाला होता, चला, आता एक वायर पुरे. भोक एक झालं, भोकाच्या मागे काय गाळलंय ते कोण बघणार?

ती वीतभर वायर खणाच्या तळाशी सापडली. लावली. तरी दिवा नाही. आता इथे निम्मे लोक हेडफोन टाकून देत असणार, आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण पुढची गोष्ट कोणी सांगतच नाही. लिथियम-आयनची सेल पूर्ण भरली की साधारण ४.२ व्होल्ट असते. ती ३च्याही बरीच खाली उतरली की आतलं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं, आणि मग चार्जिंग लावलं तरी आधी अगदी बारीक धारेने वीज घेतली जाते, ती सावरेपर्यंत काही यंत्रांत दिवासुद्धा लागत नाही. म्हणजे मेलेला आणि सावरत असलेला हेडफोन बाहेरून अगदी सारखे दिसतात. पुस्तिकेत एक ओळ टाकायची ना मग, 'अर्धा तास वाट बघा'! कोष्टकाला चार रंग सुचले, ही ओळ नाही सुचली.

वाट बघता बघता मला ते साधं वायरचं हेडफोन आठवत होतं, ज्याला चालू करावं लागायचं नाही. खुपसलं की वाजलं. ती पिन मूळची एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधली, ऑपरेटर ज्या भोकात घालून कॉल जोडायचे त्या खानदानातली, तिची ही ३.५ मिलीमीटरची धाकटी पाती. शंभरहून जास्त वर्षं कोणाला तिचं फर्मवेअर अपडेट करावं लागलं नाही. २०१६मध्ये ॲपलने आयफोन ७मधून ते भोक काढलं, मग बाकीच्यांनी आधी चेष्टा केली आणि नंतर गुपचूप आपापलं काढलं. वायर गेली ठीक आहे, गुंता व्हायचा, मान्य. पण त्या बदल्यात आम्हाला मिळालं काय, तर आणखी एक वस्तू जी रोज भरा, आणि जिची बॅटरी आत अशी चिकटवलेली की दोन-तीन वर्षांनी ती दमली की कान, गाद्या, पट्टा, सगळं धडधाकट असताना अख्खी वस्तू कचऱ्यात. काकांचा सेल दोन बोटांनी बदलता येतो. त्यांना हसणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, मी पण.

तर लाल दिवा लागला. मी लगेच बटण धरलं, पण चार्जिंग चालू असताना साहेब चालू होत नाहीत. तेही एक. मग भरू दिला, वायर काढली, बटण धरलं, आणि ती बाई एकदाची बोलली. 'पॉवर ऑन.' आणि मी फोनकडे हात नेतो न नेतो तोच, 'कनेक्टेड.'

कशाला कनेक्टेड ते ती सांगत नाही. माझ्या फोनचं ब्लूटूथ बंद होतं. कानात जरा खरखर झाली आणि एक अनोळखी, भारदस्त पुरुषी आवाज आला, "ऐकू येतंय का सगळ्यांना?"

सकाळपासून मला नीट, स्पष्ट, मराठीत विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी त्याच फाटक्या आवाजात "येतंय" म्हणून मोकळा झालो. पलीकडे एकदम शांतता, आणि आतल्या खोलीतून ताईची किंकाळी, कारण हेडफोन तिने कधीतरी ऑफिसच्या लॅपटॉपला जोडला होता आणि मीटिंगमध्ये तिच्या नावासमोरचा माइक आता माझ्या तोंडाशी होता.