टीकपची आई किती किलोची?

गेले काही महिने एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रील्सखाली फिरतोय. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: टीकप पॉमेरेनियन ही पॉमेरेनियनमधली सर्वांत शुद्ध आणि मान्यताप्राप्त छोटी जात आहे, पूर्ण वाढ झाल्यावरही वजन सव्वा किलोच्या आत राहतं, छोटी कुत्री जास्त जगतात, म्हणून हे सर्वांत जास्त जगणार, खाणं मूठभर, त्यामुळे खर्च जवळजवळ नाही, वन बीएचकेसाठी याच्यासारखं दुसरं कुत्रं नाही, आणि केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर मिळतात, म्हणजे ब्रीडिंग जबाबदारीनेच झालेलं. खाली फोन नंबर आणि तळहातावर मावणाऱ्या पिल्लाचा फोटो. ओळखीतले लोक बुकिंगचे पैसे भरायच्या आधी "खरं आहे का हे?" असं विचारतात, काही जण भरून झाल्यावर विचारतात. मी पॉमेरेनियन पाळते, या जातीवर माझा जीव आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी "मान्यताप्राप्त"चं बघू. टीकप नावाची जात किंवा उपजात अमेरिकन केनेल क्लबच्या यादीत नाही, ब्रिटनच्या केनेल क्लबच्या यादीत नाही आणि एफसीआय या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीतही नाही. आपला केनेल क्लब ऑफ इंडिया एफसीआयशी जोडलेला आहे, त्याच्याकडेही नाही. अमेरिकेतल्या चिवावा आणि शित्झू या जातींच्या क्लबांनी तर अशी नावं लावून पिल्लं विकण्याविरुद्ध जाहीर निवेदनं दिली आहेत. पॉमेरेनियनसाठी अमेरिकन मानकात, म्हणजे जात कशी असावी हे सांगणाऱ्या नियमांत, वजन 3 ते 7 पौंड आहे, म्हणजे साधारण 1.4 ते 3.2 किलो, आणि शोच्या कुत्र्यासाठी 4 ते 6 पौंड आदर्श. एफसीआय वजनाऐवजी उंची धरते, 18 ते 24 सेंटिमीटर. लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही की या मर्यादा दोन्ही बाजूंनी आहेत. अमेरिकन मानकानुसार मर्यादेच्या वर गेलेलं कुत्रं जितकं आक्षेपार्ह, तितकंच मर्यादेच्या खाली राहिलेलं. पूर्ण वाढलेलं सव्वा किलोचं पॉमेरेनियन या मानकात बसतच नाही. जाहिरात ज्याला सर्वांत शुद्ध म्हणते, तो जजच्या नजरेत दोष आहे.

आपल्याकडे या गोंधळाला आणखी एक कारण आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांमधून जे पांढरंशुभ्र "पामेरियन" असायचं, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचं, पाच-सात किलोंचं किंवा त्याहूनही थोराड. तेच डोळ्यांत बसलेल्या माणसाला अडीच किलोचं अस्सल पॉमेरेनियन दाखवलं की ते टीकपच वाटतं. त्यामुळे पुष्कळदा मानकात नीट बसणारं पिल्लूच टीकप म्हणून चढ्या भावाने गळ्यात मारलं जातं. यात माणसाचे पैसे जातात, पण कुत्र्याचं काही बिघडत नाही. माझी काळजी आहे ती खरोखर खुरटलेल्या पिल्लांची.

वजनाची हमी कोणीही देऊ शकत नाही. पॉमेरेनियनची वाढ पूर्ण व्हायला आठ-दहा महिने लागतात आणि पिल्लू मोठेपणी किती भरेल याचा अंदाज आईबाप आणि आजी-आजोबांच्या वजनावरून बांधतात. तोही अंदाजच. मग फोटोतलं पिल्लू एवढंसं का दिसतं? कारण ते लहान आहे, वयाने. आपल्या बाजारात पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू देण्याची पद्धत रूढ आहे आणि टीकपच्या नावाखाली त्याहूनही कोवळी पिल्लं "दोन महिन्यांचं आहे" म्हणून दिली जातात. केंद्राच्या 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. शंका असेल तर व्हेटला दात दाखवा. टॉय, म्हणजे अगदी छोट्या आकाराच्या, जातींत दात थोडे उशिरा येतात, पण दाढा फुटल्याच नसतील तर "दोन महिने" ही थाप असण्याचीच शक्यता जास्त. दुसरा प्रकार याहून वाईट. "जास्त खायला घालू नका, वाढेल" असा सल्ला पिल्लासोबत मिळतो. उपाशी ठेवून कुत्रं छोट्या जातीचं होत नाही, अशक्त होतं. वाढीच्या वयात हाडांना लागणारं अन्न तोडणं हा छळ आहे, त्याला दुसरं नाव मी देणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या दाव्याकडे येते. "आमच्याकडे शुद्ध टीकप लाइन आहे, पिढ्यान्‌पिढ्या" असं विक्रेते सांगतात. त्यांना एकच प्रश्न विचारा: आईचं वजन किती?

पॉमेरेनियनच्या वेतात बहुधा एक ते तीन पिल्लं होतात. पिल्लू एकच असेल तर ते पोटात जास्त वाढतं, कळा धड सुरू होत नाहीत, आणि या जातीचं गोल डोकं जन्ममार्गात अडकतं. दोन-अडीच किलोच्या मादीलाही हा धोका असतोच. सव्वा किलोच्या मादीत तो किती वाढतो हे मी एका दवाखान्यात जवळून पाहिलं आहे. वजनकाट्यावर गाभण मादी, आकडा दीड किलोच्याही खाली. एक्स-रेमध्ये एकच पिल्लू, आणि त्याची कवटी आईच्या कंबरेच्या हाडांमधल्या जागेपेक्षा रुंद. सिझरशिवाय पर्यायच नव्हता. एवढ्या मादीच्या अंगात एकूण रक्त जेमतेम शंभर मिलिलिटरच्या आसपास. चहाच्या छोट्या कपाएवढं सांडलं तर संपलं. भूल दिल्यावर तिचं अंग भराभर गार पडतं, म्हणून टेबलावर सगळी धावपळ तिला ऊब देण्याची. त्या दिवशी आई वाचली, पिल्लू गेलं.

म्हणून जाणते ब्रीडर इतक्या छोट्या मादीवर वेत घेतच नाहीत. नर छोटा चालतो, मादी अंगाने भरलेली हवी, हा या जातीतला जुना दंडक आहे. ब्रिटिश मानकात तर तो आकड्यांतच दिसतो: नर 1.8 ते 2 किलो, मादी 2 ते 2.5 किलो. इतर अनेक जातींत नर मोठा आणि मादी लहान असते, इथे उलट लिहिलं आहे. मग टीकप पिल्लं येतात कुठून? नेहमीच्या आकाराच्या मादीच्या वेतात एखादं खुरटलेलं पिल्लू निघतं तिथून, नाहीतर मादीच्या जिवाशी खेळून. दोन्हीत "लाइन" कुठेच नाही. ज्या मादीला स्वतःचं पिल्लू स्वतःच्या अंगातून बाहेर टाकता येत नाही, तिच्यावर जात उभी राहत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं: "पॉमेरेनियन तरी कुठे एवढं छोटं होतं? माणसानेच केलं ना?" खरं आहे. 1888 मध्ये राणी व्हिक्टोरियाला फ्लॉरेन्समध्ये ही कुत्री आवडली आणि तिथून आणलेला तिचा लाडका मार्को साधारण 12 पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोच्या जवळपास होता. त्या काळी तो छोटा गणला जायचा. तिथून आजच्या दोन किलोंपर्यंत यायला अनेक दशकं लागली, आणि वंशावळीच्या नोंदी ठेवून, जी कुत्री चालतात, श्वास घेतात, वितात तीच पुढे नेत हे घडलं. छोटेपणा हा मुळात रोग नाही. आकाराशी निगडित आयजीएफ-1 या जनुकाचा छोटं अंग घडवणारा प्रकार तर सैबेरियातल्या 54,000 वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही सापडला आहे. माझा आक्षेप घाईला आहे. एका-दोन वेतांत आकडा खाली आणायचा तर सर्वांत दुबळं पिल्लू निवडून त्यालाच जवळच्या नात्यात लावतात, आणि मग आकारासोबत दोषही पक्के होतात.

"छोटी कुत्री जास्त जगतात." जातींची आपसात तुलना केली तर हे बरोबर आहे. ग्रेट डेन सात ते दहा वर्षं जगतो, पॉमेरेनियन बारा ते सोळा. पण यावरून एकाच जातीतलं सर्वांत छोटं पिल्लू सर्वांत जास्त जगेल असं निघत नाही. त्याच्या बाबतीत चित्र वेगळं असतं. यकृत इवलंसं, त्यात साठवलेली साखर थोडी, अंगावर स्नायू नाहीत. रात्रीचं खाणं चुकलं, पोट बिघडलं, गारठा लागला की काही तासांत रक्तातली साखर उतरते. सकाळी उठवायला जावं तर पिल्लाची मान लुळी, हिरड्या पांढुरक्या, मागचे पाय लटपटतात, आणि लक्ष नाही दिलं तर झटके. शिवाय डोक्यावरची टाळू न भरणं. टॉय जातींत टाळू थोडी उघडी राहिलेली निरोगी कुत्रीही असतात, पण टाळू मोठी, डोकं घुमटासारखं आणि डोळे बाहेरच्या बाजूला वळलेले असतील तर डोक्यात पाणी साठल्याची शक्यता तपासावीच लागते. जाहिरातीत त्याच चेहऱ्याला "बेबी फेस" म्हणतात आणि जास्त पैसे मागतात. मला सर्वांत जास्त राग याचा येतो.

गुडघ्याची वाटी सरकणं, श्वासनलिका दबणं, दुधाचे दात न पडल्याने तोंडात दातांची दाटी होणं हे टॉय जातींत एरवीही आढळतं. खुरटलेल्या पिल्लात ते हाताळणंच कठीण, कारण यातल्या अनेक उपचारांना भूल लागते.

खर्च नाही, हा दावा इथेच निकालात निघतो. खाण्याचे पैसे वाचतील आणि दवाखान्यात जातील.

वन बीएचकेचं म्हणाल तर पॉमेरेनियन फ्लॅटमध्ये आनंदाने राहतं, मानकातलं असेल तर. सव्वा किलोच्या कुत्र्याला मात्र सोफ्यावरून उडी पुरते. पुढच्या पायाची दोन हाडं मनगटाच्या वर मोडतात. टॉय जातींत तिथला रक्तपुरवठा आधीच कमी, त्यामुळे हाड लवकर जुळत नाही, प्लेट बसवावी लागते. छोट्या घरात कोणाच्या तरी पायाखाली येणं, दारात चेमटणं हेही आलंच. घरात लहान मूल असेल तर माझं उत्तर सरळ "नाही" असंच आहे.

राहिले पेपर. केसीआयचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं: आई कोण, बाप कोण, जन्म कधी. कुत्रं निरोगी आहे किंवा त्याचा आकार योग्य आहे याची ती हमी नव्हे. जबाबदारी बघायची तर दुसऱ्या गोष्टी मागा. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का? 2017 चे तेच नियम सांगतात की मादी किमान दीड वर्षाची झाल्यावरच वेत घ्यायचं आणि तिच्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत. आईबापांच्या गुडघ्यांची, हृदयाची, डोळ्यांची तपासणी झाली आहे का? गुडघ्याची वाटी वर्षभर वय झाल्यावर व्हेट हाताने तपासून सांगू शकतो, त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. आणि आई प्रत्यक्ष दाखवा म्हणा, व्हिडिओवर नको. "आई दुसऱ्या शहरात आहे" असं उत्तर आलं तर तिथून उठा.

ज्यांच्या घरी असं पिल्लू आधीच आलं आहे, त्यांनी घाबरू नये, त्याला आता तुमचीच गरज आहे. पिल्लूपणी दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्या, रात्री उशिराचं एक खाणं चुकवू नका. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस वापरा. सोफ्याला पायरी लावा. पिल्लू अचानक मलूल पडलं तर मध किंवा साखरेचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, शुद्ध नसताना तोंडात ओतू नका, अंग उबदार कपड्यात गुंडाळा आणि तसंच दवाखान्यात न्या. मादी असेल तर तिचं वेत घेऊ नका. नसबंदी कधी करायची हे वजन आणि रक्ततपासणी बघून व्हेटला ठरवू द्या.