‘बायबलचं दालन म्हणजे धर्मप्रचारच’: दाव्यात तथ्य किती?

मोबाइलवर फिरणारा मजकूर असा: मुंबईतल्या संग्रहालयाला बायबलचं दालन हवंच कशाला? ते इंग्रजांनी आणलेलं पुस्तक. मराठी संस्कृतीवर त्याचा ठसा शून्य. ठेवायचीच तर एखादी जुनी प्रत काचेत ठेवा, त्यापुढे सांगाल तो प्रचार.

‘इंग्रजांनी आणलं.’ मुंबई बेट इंग्रजांच्या हाती येण्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं होतं. (स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण आले जेझुइट या कॅथलिक संघाचे पाद्री म्हणून, पोर्तुगीज सत्तेच्या आसऱ्याने.) कथा बायबलच्या, छंद ओवीचा. हे फलकावर लिहून कळत नाही, ऐकवावं लागतं. हेडफोनवर आधी ज्ञानेश्वरीतली एक ओवी, लगेच ख्रिस्तपुराणातली. दोन्ही मिळून दीड मिनिटाच्या आत. यमक जुळणारे तीन चरण आणि मोकळा चौथा, हे साम्य शाळकरी पोरालाही ऐकू येतं. उघडा स्पीकर लावू नये. आवाज शेजारच्या दालनात जातो आणि संग्रहालयाचं प्रार्थनाघर होतं.

शिवाय आपले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. मांडवीचं त्यांचं शाआर हरहमीम सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) १७९६ चं. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, त्यातल्या एलिया संदेष्ट्याच्या नावाने ते पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा घालून मलिदा करतात. त्या ताटाची प्रतिकृती ठेवा. लोक थांबून बघतील.

‘ठसा शून्य.’ अमेरिकन मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं आणि बायबल छापायचं म्हणून देवनागरी खिळ्यांच्या, म्हणजे छपाईत जुळवायच्या धातूच्या अक्षरांच्या, मागे लागलं. मिशनच्याच छापखान्यात जावजी दादाजी कामाला लागले, खिळ्यांचा धंदा शिकले, १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. म्हणजे निर्णयसागरच्या सुबक संस्कृत ग्रंथांची एक वाट मिशनच्या छापखान्यातून जाते. दालनात खिळ्यांची पेटी ठेवा आणि लोकांना आपलं नाव उलटं जुळवू द्या. खरे खिळे मात्र शिशाचे. ते काचेआड, हाताळायला रेझिनचे.

‘काचेत ठेवा, झालं.’ इथेच जास्त घोटाळे होतात. पुस्तक १८० अंशांत उघडून ठेवलं की पाठीची शिवण सुटते. १०० ते १२० अंशांचा पाळणा, म्हणजे पुस्तक अर्धवट उघडं धरणारा आधार, लागतो. प्रकाश ५० लक्स (उजेडाचं माप) इतका मंद ठेवला तरी ८ तासांचे ४०० लक्स-तास रोज भरतात. हाताने रंगवलेल्या पानाला वर्षाकाठी साधारण १५,००० लक्स-तासांची मुभा धरतात, म्हणजे ३७-३८ दिवसांत कोटा संपला. मग पान बदला किंवा प्रतिकृती लावा. जुलैत रात्री एसी बंद केला की आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर जाते, बुरशी धरते. घाबरून ओल शोषणारी कोरडी सिलिका जेल टाकली तर कातडी बांधणी तडकते. जेल आधी ५० टक्के आर्द्रतेत मुरवलेली हवी.

आणि जुन्या पोथीचा मोह वाईटच. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाकडचे ‘मृत समुद्राच्या गुंडाळ्यां’चे (बायबलच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांचे) म्हणून ठेवलेले सगळे १६ तुकडे बनावट असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं. वस्तू कुणाच्या हातून कुणाकडे गेली, याची कागदपत्रं नसतील तर घेऊच नये.

‘बाकी प्रचार.’ धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे. संग्रहालयात तो फरक फलकाच्या वाक्यात दिसतो. ‘येशू पुन्हा उठला’ नव्हे, ‘ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशू पुन्हा उठला’. फलक साठ-सत्तर शब्दांचा. त्यापुढे कुणी वाचत नाही.

विरोधही दाखवायला हवा, नाहीतर आक्षेप खराच ठरेल. १८५७ मध्ये हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातला. दोन्ही बाजू शेजारी शेजारी, एकाच उंचीवर, एकाच आकाराच्या अक्षरांत लावा. एकीचं उत्तर वाटेच्या शेवटी टांगलं, तर बघणारा त्यालाच निकाल समजतो.