यात्रेचं जेवण आणि सहा मीटर आतडं

बेळगाव-खानापूरकडं तुमचे चार पाहुणे असतील, तर गावच्या यात्रेला "जाऊन येतो" असं कुणी म्हणत नाही, "जेवून येतो" म्हणतात. काही गावांत महालक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी एकदा भरते आणि मधल्या सगळ्या वर्षांचा आग्रह त्या एका दिवसात वसूल होतो. एका घरी जेवून भागत नाही. मामाच्यात मटण-भाकरी झाली की आत्तीच्यात, तिथनं मामाच्या दोस्ताच्यात. कुठं नुसतं पाणी पिऊन उठलात, तर पुढच्या यात्रेपर्यंत ऐकून घ्यायचं, "आमच्यात कशाला जेवतोय बा तो!"

माझी तक्रार आग्रहाबद्दल नाही, वेगाबद्दल आहे. पोट भरल्याची बातमी मेंदूला नीट पोचायला साधारण 20 मिनिटं लागतात. जठर ताणतं, आतड्यातनं संप्रेरकं सुटतात, मग मेंदू म्हणतो, बास. मामी एवढी सवड देत नाही. मेंदूचं 'बास' येईपर्यंत ताटात दुसऱ्यांदा भात पडलेला असतो आणि त्यावर रस्सा. मराठीत 'पुरे' म्हणा नाहीतर कानडीत 'साकु', मामीच्या हातातला वाढायचा डाव थांबत नाही. "एवढंच खाऊलालास?" हा प्रश्न तिसऱ्या भाकरीलाही येतो.

तसं बघायला गेलं तर पचन ताट यायच्या आधीच सुरू झालेलं असतं. चुलीवरच्या रश्श्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यातला अमायलेज भाकरीतल्या स्टार्चची साखर करायला घेतो. घास सावकाश चावला तर त्याला काम करता येईल. पण मागं दुसरी पंगत उभी आहे, त्यातल्या एकाचा गुडघा माझ्या पाठीला टेकलाय आणि तो माझ्या ताटातल्या नळीच्या हाडाकडं बघतोय. अशा वेळी कोण बत्तीसदा चावणार?

गिळलेला घास 25 सेंटिमीटरच्या अन्ननलिकेतनं काही सेकंदांत जठरात उतरतो. तो वजनानं पडत नाही, नळीचे स्नायू त्याला ढकलतात. त्यामुळं माणूस उलटा टांगला तरी घास जठराकडंच जातो. ही माहिती मी मामाला अजून दिलेली नाही.

रिकाम्या जठरात जेमतेम अर्धी वाटी मावेल एवढी जागा असते, जेवताना मात्र ते लिटर-दीड लिटरपर्यंत सहज पसरतं. आत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मटणाची प्रथिनं तोडणारं पेप्सिन. जठर स्वतःच पचून जात नाही, कारण आतनं बुळबुळीत श्लेष्माचं अस्तर असतं.

यातलं बरंचसं माणसाला कळलं ते एका बंदुकीच्या गोळीमुळं. 1822 मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या गड्याच्या पोटात चुकून गोळी शिरली. जखम भरली, पण जठराला पडलेलं भोक बुजलं नाही. लष्करातले डॉक्टर विल्यम बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा बांधून त्या भोकातनं आत सोडायचे आणि थोड्या वेळानं ओढून बघायचे, किती विरघळला. 1833 मध्ये त्यांनी निरीक्षणं छापली आणि पचन हे रासायनिक काम आहे, हे पक्कं झालं. सेंट मार्टिन नशीबवान म्हणायचा. त्याच्या जागी मी असतो तर मामीनं भोकातनं डोकावून "अजून जागा हाय की!" म्हणून डाव आत रिकामा केला असता.

जठराच्या खालच्या तोंडाला पायलोरस नावाचा स्नायूंचा दरवाजा असतो. तो महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यासारखा आहे. माल थोडा थोडाच पुढं सोडतो. त्यात रश्श्यावरचा लाल कट पुढच्या आतड्याला लागला, की तिथनं संप्रेरक सुटतं आणि वरचा कारभार आणखी मंदावतो. पित्ताशय पित्त सोडतं, तेलाचे बारीक थेंब होतात, स्वादुपिंडाचा लायपेज ते फोडतो. हे उरकायला तास लागतात. मी तोवर आत्तीच्यात दुसऱ्या पंगतीला बसलेलो.

खरी कमाई लहान आतड्यात होते. सहा मीटर लांबीच्या आतड्याला आतनं असंख्य बारीक उंचवटे असतात आणि तिथनं अन्न शोषलं जातं. शोषणाची ही जागा टेनिस कोर्टाएवढी, असं पुस्तकांत छापून यायचं. 2014 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नव्यानं मोजलं, तर सगळ्या पचनमार्गाचं अस्तर जेमतेम अर्ध्या बॅडमिंटन कोर्टाएवढं भरलं. त्याच साली सरकारनं बेळगावचं बेळगावी केलं. आम्हाला आतून-बाहेरून एकदमच नव्यानं मोजलं म्हणायचं. भाकरीतली साखर आणि मटणातली अमिनो आम्लं इथनं रक्तानं थेट यकृताकडं जातात. तेल मात्र लसिकावाहिन्यांची आडवाट धरतं आणि पार मानेखालच्या शिरेत जाऊन रक्ताला मिळतं.

रात्री सोप्यात आडवा झालो, तर घशाशी आंबट ढेकर. भरल्या पोटानं आडवं होऊ नये, आम्ल वर येतं, हे ठाऊक होतं. पण बसायची ताकद कुणात होती? शेजारी मावसभाऊ ओवा चघळत पडलेला. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना कांदा फार आवडतो, आणि रश्श्यात कांदा होता किलोंनी. सोप्यात दहा-बारा माणसं झोपलेली. रात्रभर काय झालं ते लिहीत नाही.

सकाळी चहा घेताना माझं पोट मोठ्यानं गुरगुरलं. पोट रिकामं झालं की जठर-आतडी दर दीड-दोन तासांनी आकुंचन पावत उरलासुरला गाळ पुढं ढकलतात. ती निव्वळ झाडलोट असते. मी मामीला हे समजावून सांगायला तोंड उघडलं.

"बघा, भुकेनं पोट ओरडूलालंय पोराचं," म्हणत तिनं कालच्या रश्श्याचं पातेलं चुलीवर चढवलंसुद्धा.