‘रेड आहे, मग बॅकअप कशाला?’ : एका फॉरवर्डची झाडाझडती

किनाऱ्यावरच्या पतसंस्था, लॉज आणि काजू कारखान्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘छोट्या ऑफिसचा सर्व्हर म्हणजे दणकट पीसीच. रेड लावा, बॅकअप नको. साधी रॅम चालते. १००० व्हीएचा यूपीएस १००० वॅट ओढतो. एसी लावला की खारी हवा बाधत नाही.’ पाच वाक्यं, त्यातलं पहिलं तेवढं अर्धं खरं. बाकीच्यांचा हिशेब असा.

‘रेड लावा, बॅकअप नको.’ रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी गेली तरी काम चालू ठेवण्याची पद्धत. तिच्या रेड १ या प्रकारात तोच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिला जातो. एक गेली तर दुसरी काम चालू ठेवते, बस, एवढंच. खातेवही चुकून पुसलीत तर दोन्हीकडून पुसली जाते, रॅन्समवेअरने (फाइली बंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) कुलूप घातलं तर दोन्हींना लागतं. रेड ५ मध्ये ४ टीबीच्या चार डिस्कमधून १२ टीबी जागा मिळते, एका डिस्कएवढी दुरुस्तीच्या माहितीला जाते (विंडोज १०.९ दाखवतं, दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजमाप वेगळं) आणि एकच डिस्क गेलेली चालते. गेलेल्या डिस्कच्या जागी घातलेली नवी भरून होईपर्यंत उरलेल्या तिन्ही कित्येक तास राबतात. एकाच दिवशी आणलेल्या असल्या तर त्या म्हाताऱ्याही बरोबरच झालेल्या असतात. त्या वेळात दुसरी गेली की संपलं. आणि तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेल्या सर्व्हरला २२ जुलै २०२१ च्या चिपळूणसारख्या पुरात रेड १ काय नि दोन डिस्क गेल्या तरी चालणारं रेड ६ काय! बॅकअपसाठी दोन बाहेरच्या डिस्क आलटूनपालटून वापरा. एक नेहमी दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. महिन्यातून एकदा त्यातली फाइल परत उघडून बघा.

‘साधी रॅम चालते.’ चालते, चुकेपर्यंत. ईसीसी रॅम (चूक ओळखून सुधारणारी) ६४ बिटांमागे, म्हणजे ०-१ च्या आकड्यांमागे, ८ जादा बिट ठेवते. एक बिट उलटला तर दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान सांगते. साधी रॅम काहीच सांगत नाही, चुकीचा आकडा तसाच डिस्कवर उतरतो. मात्र स्वस्तात मिळणारी जुनी ‘रजिस्टर्ड’ (मोठ्या सर्व्हरसाठीची) ईसीसी रॅम साध्या मदरबोर्डवर चालणार नाही, घेण्याआधी बोर्डावर कोणती रॅम चालते त्याची यादी बघा.

‘१००० व्हीए म्हणजे १००० वॅट.’ व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, प्रत्यक्ष मिळणारे वॅट त्याहून कमी असू शकतात. मागचं लेबल वाचा. बऱ्याच छोट्या यूपीएसवर १००० व्हीएच्या शेजारीच ६०० वॅट लिहिलेलं असतं. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या असल्या तर ३०० वॅटला कागदावर अर्धा तास येतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ. यूपीएसचं काम रात्र काढणं नव्हे, सर्व्हर नीट बंद करायला वेळ देणं. म्हणून यूएसबी केबल जोडा आणि आपोआप शटडाउन लावून ठेवा. ती केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून असते.

‘एसी लावला की खारी हवा बाधत नाही.’ इथे खरा घोटाळा आहे. पंख्याने आत ओढलेलं मीठ बोर्डावर बसतं ते बसतंच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं आणि तांब्यावर हिरवट थर धरतो. पावसाळ्यात संध्याकाळी एसी बंद करून कुलूप लावलं की रात्रीत खोली त्या आकड्याच्या वर जाते, जांभ्याच्या ओल्या भिंतीला टेकवलेला सर्व्हर तर आधीच. १८ अंशावर गार केलेल्या पत्र्यावर दार उघडताच दव धरतं ते वेगळंच. एसी २४-२५ वर ठेवा, सर्व्हर चोवीस तास चालू राहू द्या (गरम यंत्र कोरडं राहतं), शे-दोनशेचा आर्द्रतामापक टांगा आणि काटा साठच्या आत राखा. नुसत्या ब्लोअरने मीठ निघत नाही. वीज काढून, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घ्या. रॅमच्या कडा मात्र खोडरबराने घासू नका. त्यावरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो गेला की पुढच्या पावसाळ्यात तीच रॅम पुन्हा बीप देते, म्हणजे सर्व्हर सुरू होताना बिघाडाचा आवाज करतो.